आवतान घेऊन वर गेलेली ठमावैनी

मी कल्याणला मीठ विकायला जाते तेव्हा तिथल्या बायका विचारतात, "गोदा, धवलारीण म्हणजे काय गं?" मला असा राग येतो! ज्या गावचं मीठ रोज आमटीत घालता, त्या गावाची एवढीही माहिती नको? तर ऐका. आमच्या आगऱ्यांत लग्न लावते ती धवलारीण. भटजी आला तर आला, दक्षिणा घेतली आणि गेला. लग्न खरं लागतं ते धवल्यांवर, म्हणजे आमच्या लग्नगाण्यांवर. धवलारीण पाटावर बसते आणि गाते. देवांना लग्नाचं आवतान द्यायचं, मांडवाची मेढ म्हणजे मुख्य खांब रोवायचा, हळद लावायची, नवरीला सासरच्या वाटेला लावायचं, सगळं तिच्या गाण्यावर. ती गप्प, तर लग्न गप्प.

आमच्या दिवा गावची धवलारीण म्हणजे ठमाबाई, माझी भावजय. काळुराम माझा थोरला भाऊ, आमचा दादूस, त्याची ही बायको. माझं सासर गावातच, चार घरं सोडून, म्हणून मी वैनीच्या मागं बसून झील धरते. ती ओळ म्हणते, मी ती उचलून पुन्हा म्हणते.

वैनी अंगानं चांगली भरलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, नाकात ही एवढी नथ. आणि आवाज? आवाज म्हणू नका, बाई, तो नुसता कडकडाट! तिनं धवला सुरू केला की गोठ्यातली वासरं दावं तोडायची. मुंब्र्याच्या डोंगरापलीकडचे लोक म्हणायचे, दिव्यात आज लग्न आहे वाटतं. शब्द कुणाला कळायचे नाहीत, पण लग्न लागलं याबद्दल कुणाच्या मनात शंका राहायची नाही.

प्लेगाच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. वैशाखात गुणाजी पाटलाच्या रतनचं लग्न ठरलं, नवरा आंबिवलीचा. रतनला आई नाही. तिची आई माझ्या वैनीची जिवाची मैत्रीण. मरताना तिनं वैनीचा हात धरला होता आणि म्हणाली होती, "माझ्या पोरीला वाटेला लावशील तेवा धवला तूच बोल. दुसऱ्या कोनाला बोलू देव नको." वैनीनं शपथ घेतली होती. रडताना घेतलेली शपथ, ती मोडायची कशी?

आणि आंबिवलीवाल्यांची धवलारीण रखमाबाई! तिचं नाव काढलं की अजून माझं डोकं फिरतं. आमच्याकडची रीत अशी की नवरीकडची आणि नवऱ्याकडची धवलारीण समोरासमोर बसतात. एकीनं गाण्यातून विचारायचं, दुसरीनं गाण्यातूनच उत्तर द्यायचं. जी अडली तिनं पाटावरून उठायचं, आणि पुढचं सगळं लग्न दुसरीनं लावायचं. रखमाबाईचा डोळा किती वर्षं दिव्याच्या पाटावर होता. कानामागून आली आणि तिखट झाली, तशातली बाई.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. त्याच दिवशी सकाळी खारीवर, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या मोकळ्या जमिनीवर, फुगेवाला साहेब आला.

हा गोरा साहेब गावोगावी एक खेळ करत हिंडायचा. मोठाच्या मोठा कापडी फुगा, तो धुरानं भरायचा. खाली एक मोठी छत्री मिटून लटकवलेली, छत्रीच्या खाली दोऱ्यांना एक फळी. साहेब फळीवर बसून वर जायचा, एक दोरी ओढून छत्री फुग्यापासून सोडवायचा आणि छत्रीला लोंबकळत खाली यायचा. पोटासाठी माणूस काय काय करतो! कल्याणात त्याला खेळ करायचा होता, त्याआधी फुगा भरून बघायला मोकळी जागा हवी म्हणून आमच्या मिठागराशेजारची खार धरली. सोबत कल्याणचे एक कारकून, अण्णा, साहेबाचं बोलणं मराठीत सांगायला.

साहेबानं खड्डा खणून पेंढा पेटवला. फुगा हळूहळू उभा राहिला. तो धरून ठेवायला मिठागरातले गडी बोलावले होते, आमचा दादूस त्यांत पहिला. प्रत्येकाच्या हातात एकेक दोर. साहेब स्वतः बाजूला उभा राहून शिंकत होता, नाक पिकल्या मिरचीसारखं लाल.

दादूस म्हणाला, "साहेब, बसा की फलीवर. उरा वर!"

अण्णा म्हणाले, "साहेबांना पडसं झालंय. पडसं असताना उंचावरून खाली आलं की कान बसतात, कपाळ फुटायची वेळ येते. म्हणून आज उडी नाही, नुसता फुगा भरून बघायचा."

आम्ही असे हसलो! आभाळातून उडी मारणारा गडी, आणि भितो कशाला, तर पडशाला! वैनी तर पदर तोंडाला लावून हसली. तिला स्वतःला तीन दिवसांपासून सर्दी होती, नाक चोंदलेलं, आणि तरी आदल्या दिवशी तिनं सगळी हळद गाऊन काढली होती.

वैनी तिथं फुगा बघायला गेली नव्हती हं. लग्नाच्या दिवशी सकाळी धवलारीण देवांना आवतान देते. हळदीकुंकू लावलेली अक्षत घ्यायची, गावदेवीला द्यायची, वेशीवरच्या देवाला द्यायची, खाडीच्या देवाला द्यायची. वरच्या देवांना नुसतंच तोंड वर करून हाक मारायची. त्यांच्यापर्यंत अक्षत कशी पोचणार? मी आणि वैनी खाडीवरून परत येत होतो, आणि समोर हे धूड आभाळाकडे तोंड करून उभं.

वैनी थबकली. मला म्हणाली, "गोदे, यो वर जाणार?"

मी म्हणाले, "आज नाय, पण कधी ना कधी जानारच."

"मंग वरल्या देवांचं आवतान याच्यावर ठेवू या की! हातात नेऊन दिल्यासारखं व्हईल."

मला वाटलं, काय डोकं आहे बाईचं! साहेब आणि अण्णा दोघं पलीकडे आगीत पेंढा टाकत होते. वैनी सरळ फुग्याखाली गेली, अक्षतेची पुरचुंडी फळीच्या दोरीला गाठ मारून बांधली. आता आवतान दिलं म्हणजे धवला म्हणायला हवा. आणि धवलारीण उभ्यानं धवला म्हणत नाही. ती पाटावर बसते. समोर फळी होती, चांगली रंधा मारलेली, अगदी पाटासारखी. वैनी तिच्यावर मांडी ठोकून बसली.

मी म्हणाले, "वैनी, साहेब वरडंल."

ती म्हणाली, "वरडू दे. मी काय त्याची फली खाणार हाय?"

आणि तिनं सुरू केलं:

पयलं आवतान माझे गावदेवीला गं,
दुसरं आवतान वरल्या देवांना...

आता मला सांगा, आमच्यातला कुठला माणूस गावदेवीचं नाव ऐकून हात जोडणार नाही? लहानपणापासूनची सवय. गावदेवी म्हटलं की हात आपोआप वर जातात, हातातला घास खाली ठेवून माणूस हात जोडतो. दोर धरलेल्या सगळ्या गड्यांनी, एकालाही दुसरा विचार न शिवता, भक्तिभावानं डोळे मिटले आणि दोन्ही हात जोडले.

फुगा गेला की वर!

मी डोळे उघडले तोवर वैनीचे पाय माझ्या डोक्याच्या वर होते. दादूसचे हात अजून जोडलेलेच. "अगं आय गं, माझी बायको!" एवढंच तो बोलला. साहेब जे काही ओरडला ते अण्णांनी मराठीत सांगितलं नाही. आणि वरून काय ऐकू येत होतं? धवला! बाई धवला अर्धा सोडत नाही. "तिसरं आवतान" पर्यंत आम्हाला स्पष्ट ऐकू आलं, मग आवाज बारीक होत होत गेला. गुणाजी पाटील मांडवातून धावत आला आणि म्हणाला, "धवलारीण कुठं हाय?" आम्ही सगळ्यांनी वर बोट दाखवलं.

वर काय झालं ते वैनीनं नंतर आयुष्यभर सांगितलं, म्हणून मला पाठ आहे. ती म्हणायची, कानाला काही झालं नाही. मधून मधून कानात टक टक व्हायचं आणि मोकळं वाटायचं. ती म्हणायची, "वर जाणं सोपं हाय गं. वर जाताना काय बी दुखत नाय." मिठागरं अंगणात वाळत घातलेल्या पापडांसारखी दिसत होती, खाडी सांडलेल्या पेजेसारखी, आणि कल्याणला जाणारी आगगाडी गोमेएवढी. मुंब्र्याचा डोंगर बघता बघता खाली गेला. तिनं हाका मारल्या. "देवा, आवतान आनलंय! कोन हाय काय?" कुणी नाही. नुसता वारा.

मग तिला डोक्याशी एक दोरी लोंबताना दिसली. देवाच्या दारात दोरी कशाला असते? घंटेला! देवाच्या दारात गेलं की आधी घंटा वाजवायची, हे का तिला कुणी सांगायला हवं? वैनीच्या पायांत चप्पल नव्हतीच, तरी तिनं पाय झटकले, नमस्कार केला आणि दोरी जोरात ओढली.

घंटा काही वाजली नाही. फुगा एकीकडे गेला आणि वैनी दुसरीकडे, म्हणजे सरळ खाली. "मना वाटलं, देवानं दार उघडून ढकललं." मग डोक्यावर छत्री फाडकन उघडली आणि वैनी झोके घेत खाली येऊ लागली.

खरं दुखणं तिथं सुरू झालं. आधी कानांत कुणीतरी बोटं घातल्यासारखं वाटलं. मग ती बोटं कुणी आत आत दाबायला लागलं. भुवयांच्या वर, कपाळाच्या हाडात, खुंटा ठोकावा तशी कळ. गालांची हाडंसुद्धा ठणकायला लागली. जेवढी खाली यायची तेवढी कळ वाढायची. ती म्हणायची, मरणाची भीती वाटायला सवडच मिळाली नाही, कान एवढे दुखत होते.

आणि कुठं उतरली? आमच्याच मिठागरात, मिठाच्या राशीवर. बसली ती घसरत घसरत खाली आली, वरून छत्री पडली. आम्ही सगळे धावलो. दादूसनं छत्री बाजूला केली, तर वैनी अंगभर मीठ माखून बसलेली, नाकातून रक्ताचा एक थेंब, नथ जागच्या जागी. सगळे एकदम बोलायला लागले. लागलं का, दुखतंय का, देव भेटला का!

वैनी आमच्या तोंडांकडे बघत राहिली. मग अगदी हळू, पाळण्यातल्या पोराशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "मेल्यांनो, नुसती तोंडं काय हलवताव? वाचा गेली काय तुमची?"

सगळे गार. ठमाबाई हळू बोलली! लग्न होऊन आल्यापासून ही बाई हळू बोललेली कुणी ऐकली नव्हती. दादूस मटकन खाली बसला आणि रडायलाच लागला. "संपलं. ही आता जगत नाय. मरायच्या येलेला मानूस असं बोलतं." आम्हाला वाटत होतं तिचा आवाज गेला, तिला वाटत होतं आमचा गेला.

उलगडा केला अण्णांनी. साहेब वैनीजवळ आला, तिच्या कानाजवळ टिचकी वाजवली, तिला ऐकू आली नाही. मग त्यानं सांगितलं आणि अण्णांनी आम्हाला समजावलं. "कानाच्या पडद्यामागं एक लहानशी खोली असते. तिच्यात हवा. त्या खोलीतून नाकाच्या मागं एक बारीक नळी जाते. उंचावर हवा पातळ, म्हणून वर जाताना खोलीतली जास्तीची हवा नळीतून आपोआप निघून जाते. खाली येताना उलट. बाहेरची हवा दाट होत जाते आणि पडद्याला आत ढकलते. तेव्हा नळीतून हवा आत जायला पाहिजे. गिळलं, जांभई दिली, की नळी उघडते. पण हिला पडसं. नळी सुजून बंद. कपाळात आणि गालांतही तशाच पोकळ्या असतात, त्यांचीही तीच गत. आणि बंद कानांत स्वतःचा आवाज मोठा वाटतो, म्हणून ही हळू बोलते."

दादूसनं नाक पुसलं. "म्हंजे उघाडी अडकली," तो म्हणाला. खाडीचं पाणी मिठागरात घ्यायची जी फळी असते ती उघाडी. गाळानं ती अडकली की पाणी आत येत नाही. एका वाक्यात सगळ्या गावाला कळलं. इतका वेळ अण्णांनी उगाच घसा कोरडा केला.

"मंग उघडंल कवा?" पाटलानं विचारलं.

"आज उघडेल, नाहीतर आठ दिवसांनी. जबरदस्ती करायची नाही, नाहीतर पडदा फाटेल."

आठ दिवस! आणि गोरज मुहूर्त आज. पाटलाचा चेहरा उतरला. वैनीला मी खुणांनी सांगितलं. तिनं मांडवाकडे बघितलं. तिथं रतन हळदीच्या अंगानं उभी होती. वैनीच्या डोळ्यांत मी तेव्हा जी भीती पाहिली ती आभाळात जातानाही नसेल. रखमाबाई काय गाते ते ऐकूच आलं नाही तर उत्तर कसलं द्यायचं? मेलेल्या मैत्रिणीला दिलेला शब्द असा हात दाखवून अवलक्षण करून घालवायचा! मला तिचा राग आला आणि रडूही आलं.

मग वैनीला मांडवात आणलं आणि सुरू झाले उपाय. साहेब म्हणाला, नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं आणि हळूच फुंकायचं. दाखवायला सगळा गाव नाक धरून गाल फुगवून वैनीपुढं बसला. पण वैनीला नाक धरता येईना, मध्ये नथ. नथ काढ म्हटलं तर म्हणाली, "लग्नाच्या दिवशी सवाशिनीनं नथ काढायची? साहेबाच्या बायकोला सांग काढायला." आम्ही ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापवून कपाळ शेकलं. मोठ्या टोपात पाणी उकळून वाफ दिली. त्यानं कपाळाची कळ थांबली, नाकही थोडं मोकळं झालं, पण कान ढिम्म. कुणी म्हणालं खोबरं चघळ, तिनं अर्धी वाटी खोबरं चघळलं.

मग गुणाजी पाटलाच्या डोक्यात आलं, जांभई! एकानं दिली की दुसऱ्याला येते. त्यानं दहा-बारा गडी वैनीसमोर बसवले आणि हुकूम सोडला, "द्या रे जांभया!" त्यांनी दिल्या. बघता बघता बायकांना आल्या, वाजंत्र्यांना आल्या, अण्णांना आल्या. साहेबानंही टोपीआड दिली. वैशाखातली दुपार, पोटात लग्नाचं जेवण. थोड्या वेळानं बघते तर सगळी मंडळी मांडवात आडवी होऊन घोरतायत, आणि मधोमध वैनी टक्क जागी, तोंड मिटून. तिला एक जांभई आली नाही.

आणि नेमकं त्याच वेळी आंबिवलीचं वऱ्हाड वेशीवर आलं. स्वागताला जागं कोण? एक मी, एक बहिरी धवलारीण आणि एक नवरी.

रखमाबाई गाडीतून उतरली, झोपलेल्या मांडवावरून नजर फिरवली, आणि बातमी तिला कुणी सांगितली देव जाणे, पण पहिलंच वाक्य तिचं असं: "कान नाय तर धवला कसला? उठव तुझ्या वैनीला पाटावरून. दोन्ही पाट माझं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, "रीत अशी हाय की अडली तर उठायचं. अजून तू विचारलंस काय, आनि ती अडली कवा?"

म्हणायला म्हणाले, पण करायचं काय? मी वैनीचा हात धरून बाजूला नेलं आणि तोंड मोठं करून, एकेक शब्द चघळून बोलले. बघते तर तिला माझे ओठ कळत होते. इतकी वर्षं ओळीमागं ओळ म्हणत होतो, शब्द दोघींना पाठ, नुसत्या ओठांच्या हालचालीवरून ती ओळखत होती. मग सुचलं. पाट फिरवायचा! रीतीत धवलारणीनं पाटावर बसायचं एवढंच आहे, तोंड कुठं करायचं हे कुणी ठरवलंय? मुहूर्त झाला, लोक उठले, डोळे चोळत बसले, आणि वैनी पाट उलटा मांडून रखमाबाईकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून बसली. रखमाबाईला दिसला तो नुसता अंबाडा. तिचा जो संताप झाला तो बघून मला माझ्या लग्नात झाला नव्हता एवढा आनंद झाला.

रखमाबाईनं छाती भरून सुरुवात केली. वैनीच्या कडकडाटावर मात करायची म्हणून ती घरून तयारी करूनच आली होती. मांडवाची पानं हलली. आणि तिनं विचारलं काय? माणसानं विचारू नये ते.

मांडव घातला हिरव्या पानांचा गं,
नवरीची माय कुठं दिसत नाय...

रतननं मान खाली घातली. मी दातओठ खाऊन ती ओळ वैनीला ओठांनी सांगितली. वैनीचे डोळे भरले. उत्तर तिला आधीचं पाठ नव्हतं, असं कुणी विचारलंच नव्हतं कधी. तिनं तोंड उघडलं आणि लगेच दचकली, कारण बंद कानांत तिचा स्वतःचा आवाज घुमला. रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलावं तसा. जन्मात पहिल्यांदा तिला कळलं की आपण केवढ्यानं ओरडतो! तिनं आवाज खाली आणला, अजून खाली आणला, आणि मग अगदी सावकाश म्हणाली:

माय तिची मांडवाच्या मेढीत उभी गं,
लेकीला बघतंय डोळं भरून...

बायांनो, मी तिच्या मागं बसून इतकी वर्षं काढली, पण वैनीच्या आवाजात एवढी माया आहे हे मला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. त्या ओरडण्याखाली सगळं गाडलं गेलं होतं. रतन उठली आणि मांडवाच्या मेढीला मिठी मारून ढसाढसा रडली. मग पाटील रडला. दादूस सकाळपासून रडतच होता, त्यानं चालू ठेवलं. रखमाबाईनं दुसरी ओळ ठोकली, पण तो मोठा आवाज आता एकटाच मांडवात आपटत होता, आणि तिच्याच वऱ्हाडातली म्हातारी तिला म्हणाली, "रखमे, हळू गं, ऐकू दे तिचं." तिसऱ्या ओळीला रखमाबाईचा घसा बसला. पाटावरून ती आपणहून उठली. लग्न वैनीनं लावलं.

शेवटी नवरीला वाटेला लावायचा धवला. तो आईच्या तोंडचा असतो. रतन गाडीत बसली. वैनी तिचा हात धरून, तोंड माझ्याकडे करून म्हणत होती, मी मागून उचलत होते. अर्ध्यावर तिला हुंदका आला. तिनं तो गिळला. दुसरा आला, तोही गिळला. आणि एकदम तिनं दोन्ही हात कानांवर नेले आणि गायची थांबली.

धवला थांबवून चालत नाही. म्हणून मी एकटीनंच पुढची ओळ म्हटली, आणि त्याच्या पुढचीही. एकटीनं मी कधी गायलेच नव्हते. गाडी वेशीपर्यंत गेली, दिसेनाशी झाली, तोवर म्हणत राहिले. वैनी तशीच माझ्याकडे बघत उभी. डोळ्यांना धार लागलेली.

मी घाबरून विचारलं, "वैनी, काय झालं? कान दुखतंय?"

"उघडलं गं," ती म्हणाली. "उघाडी उघडली. मगाशीच."

"मंग गायची का थांबलीस? रतनला वाटेला लावायचं सोडून?"

तिनं माझा दंड असा पकडला की दोन दिवस वळ होता. आणि म्हणाली, "मेले, इतकी वर्सं माझ्या मागं बसून असं गातंस, आनि मना कवाच सांगलं नाय?"

रडू येत होतं, हसूही येत होतं. मी म्हणाले, "सांगणार कवा, वैनी? तू थांबायची कवा?"

वैनी खळखळून हसली. मग तिनं पाट उचलला, जाताना माझ्या काखेत दिला आणि म्हणाली, "पुढल्या लग्नाला तू पुढं बस. मी झील धरीन."